अंगचं औषध: कातडीतली जंतुरोधी पेप्टाइडं शाबूत कशी ठेवायची

मागच्या पावसाळ्यात सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा काउंटरवर आला, बाही वर केली आणि दंड दाखवला. कोपरापासून खांद्यापर्यंत बारीक लाल पुटकुळ्या, मध्येच दोन-तीन केसतोड आणि बाकीची कातडी वाळल्या गाळासारखी तडकलेली. पोरगा तालमीतला. चुरगळलेले कान बघूनच ओळखलं.

"काय लावतोस रं ह्याला?"

"लावत काय न्हाई काका. आंघोळीच्या पाण्यात औषधाची दोन बुचं टाकतोय की, दिवसातनं दोनदा. वर जंतू मारायचा साबण."

"किती दिवस झालं?"

"म्हैना झाला. पहिलं दोनच फोड होतं."

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं मेडिकल आहे. आसपास तालमी, त्यामुळे असे दंड, मांड्या आणि पाठी मी वर्षभर बघतो. पोराच्या अंगावर जंतू मारणारं औषध आधीपासूनच होतं. त्याच्या कातडीनंच ते बनवलं होतं आणि तो ते रोज दोनदा धुऊन काढत होता. आणखी एक ट्यूब देऊन भागण्यासारखं हे नव्हतं. त्याला वीस मिनिटं उभं करून जे सांगितलं, तेच इथं जरा सविस्तर लिहितो.

आधी माल काय आहे ते बघा

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ. लांब माळ झाली की तिला आपण प्रथिन म्हणतो. आपल्या कातडीतल्या पेशी, घामाच्या ग्रंथी आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी अशा काही माळा बनवतात, ज्या जंतूंना थेट मारतात. त्यांना जंतुरोधी पेप्टाइडं म्हणतात. हे प्रकरण फक्त माणसातच आहे असं नाही. १९८७ साली मायकेल झॅस्लॉफ या अमेरिकन शास्त्रज्ञाला प्रश्न पडला होता, की शस्त्रक्रिया केलेले बेडूक गढूळ पाण्याच्या टाकीत सोडले तरी त्यांचे टाके पिकत कसे नाहीत? उत्तर बेडकांच्या कातडीत सापडलं.

माणसाची गोष्ट त्याहून मजेशीर. सोरायसिसमध्ये कातडी सोलपटते, लाल होते, पण ते चट्टे सहसा पिकत नाहीत. जर्मनीतल्या कील इथं श्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या अंगावरून गळणारे कोंड्यासारखे पापुद्रेच गोळा केले आणि १९९७ साली त्यातून एक पेप्टाइड वेगळं काढलं. त्याचं नाव मानवी बीटा-डिफेन्सिन-२. आपण जे झाडून केरात टाकतो, त्यात औषध निघालं!

निरोगी कातडीत काही माल कायम भरलेला असतो. आरएनेझ-७ आणि सोरायसिन ही त्यातली दोन ठळक नावं. सोरायसिन जंतूंना लागणारं जस्तच धरून ठेवतं. पोटातला ई. कोलाय जिवाणू बोटाच्या टोकावर ठेवला तर निरोगी कातडीवर तो फार तग धरत नाही, आणि त्यामागे मुख्यतः हेच सोरायसिन आहे असं कीलच्याच गटानं २००५ साली दाखवलं. (म्हणून संडासानंतर हात धुवायचे नाहीत असं कुणी समजू नका. बाकीचे जंतू इतके गरीब नसतात.) तिसरं डर्मसिडिन. हे घामातून येतं, २००१ साली जर्मनीतल्याच ट्युबिंगनमध्ये सापडलं. खारट पाण्यात ही बरीचशी पेप्टाइडं ढिली पडतात, पण डर्मसिडिन मात्र खारट, किंचित आंबट घामातही काम करतं.

दुसरा माल गरजेपुरता तयार होतो. खरचटलं, कापलं, जंतू आत शिरला, की पेशी बीटा-डिफेन्सिन-२ आणि ३ बनवायला लागतात. एलएल-३७ सुद्धा तेव्हाच वाढतं. त्याच्या नावात कोडं नाही: माळेची सुरुवात दोन ल्युसिनांनी होते, ल्युसिनची खूण एल, आणि मणी एकूण ३७.

ही मारतात कशी? जिवाणूच्या बाहेरच्या पडद्यावर ऋण विद्युतभार असतो, यांतल्या बहुतेकांवर धन. ती जाऊन चिकटतात, पडद्यात घुसतात आणि भोकं पाडतात. आपल्या पेशींच्या पडद्याची बाहेरची बाजू जवळजवळ भाररहित असते, शिवाय त्यात कोलेस्टेरॉल असतं, म्हणून आपण वाचतो. जिवाणूला आपला अख्खा पडदा बदलणं सोपं नसतं, त्यामुळे या पेप्टाइडांना सरसकट दाद न देणारी जात सहजी तयार होत नाही. तरी स्टॅफिलोकोकस ऑरियस, म्हणजे फोड-गळवं करणारा नेहमीचा जिवाणू, पक्का बेरकी. तो पडद्यावरचा भार थोडा बदलतो आणि एलएल-३७ चे तुकडे करणारं विकरही, म्हणजे एन्झाइमही, सोडतो.

एवढं कळलं की पुढचं सोपं आहे. कातडी आंबट ठेवायची, वरचा थर फाटू द्यायचा नाही, आणि तिच्यावर मुक्कामाला असलेल्या भल्या जिवाणूंना हुसकायचं नाही.

पायरी पहिली: कातडीचा आंबटपणा स्वतः मोजा

माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका, मोजून बघा. शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान देणाऱ्या दुकानात पीएच पट्ट्या, म्हणजे आंबटपणा मोजणाऱ्या पट्ट्या, मिळतात. आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट. १ ते १४ वाली चालेल, ४ ते ७ मधले बारकावे दाखवणारी मिळाली तर उत्तम. मेडिकलमधून इंजेक्शनच्या पाण्याची एक प्लास्टिकची कुपी घ्या. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार आकडा बिघडवतात.

तीन-चार तास साबण न लागलेल्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या चार बोटं वर, त्या पाण्याचे दोन थेंब टाका. पट्टी त्यावर आडवी दाबून मिनिटभर धरा. रंग डबीवरच्या तक्त्याशी जुळवा. निरोगी कातडी साधारण साडेचार ते साडेपाचच्या आसपास दाखवते. पट्टी जाडीभरडी असेल तर ५ किंवा ६ असा ढोबळ आकडा येईल, तेवढा पुरे.

आता तुमच्या साबणाचा फेस दुसऱ्या पट्टीला लावा. काउंटरवर मी हे गिऱ्हाइकांसमोर करतो. पट्टी हिरव्यावरून निळ्याकडे जाते, ९ ते १०. मग त्याच साबणानं हात धुवून, पुसून, पहिला प्रयोग पुन्हा करा. आकडा चढलेला दिसेल. तो खाली यायला काही तास लागतात. तोवर दोन गोष्टी बिघडतात. कातडीतली काही विकरं अशा वेळी जास्त चालतात आणि वरच्या थराचे सांधे वेळेआधी सोडवतात. आणि स्टॅफिलोकोकस ऑरियसला हेच वातावरण मानवतं.

पायरी दुसरी: साबण

लोक वेष्टनावरचं टीएफएम, म्हणजे साबणातल्या एकूण स्निग्ध पदार्थाचं प्रमाण, बघतात. बघावं. भारतीय मानकाप्रमाणे ग्रेड १ च्या साबणात ते किमान ७६ टक्के हवं. पण टीएफएम जास्त म्हणजे साबण चांगला, एवढाच अर्थ. तो साबणच राहतो आणि पीएच नऊच्या वरच असतो.

वेष्टनाच्या मागे सोडियम पामेट, सोडियम कोकोएट, सोडियम पाम कर्नलेट असली नावं पहिल्या ओळीत असतील तर तो खरा साबण. सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट पहिलं असेल तर तो सिंडेट बार, साबण नसलेला धुण्याचा वडीसारखा पदार्थ. त्याचा पीएच कातडीच्या जवळ ठेवता येतो. महाग असतो, हे मान्य. घरातल्या सगळ्यांना परवडत नसेल तर इसब असलेल्या पोराला आणि साठीच्या पुढच्यांना द्या. बाकीच्यांनी नेहमीचा साबण वापरावा, पण काखा, जांघा आणि पावलं एवढ्यालाच. हातापायांच्या आणि पाठीच्या कातडीला, चिखल-तेल लागलेलं नसेल तर, रोज साबण लागत नाही. हे सांगितलं की लोक माझ्याकडे मी आंघोळच करत नसल्यासारखं बघतात.

जंतुनाशक साबणाबद्दल: २०१६ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ट्रायक्लोसान आणि ट्रायक्लोकार्बनसकट १९ द्रव्यं घरगुती साबणांतून बाद केली. ती साध्या साबण-पाण्यापेक्षा सरस आहेत, किंवा रोज वापरायला निर्धोक आहेत, हे उत्पादकांना दाखवता आलं नव्हतं. शिवाय कातडीवर राहणारे स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस आणि होमिनिससारखे जिवाणू स्वतःही जंतुरोधी पेप्टाइडं बनवतात आणि ऑरियसला लांब ठेवतात. जंतुनाशकाला यातला सोयरा आणि चोर ओळखता येत नाही.

पायरी तिसरी: आंघोळ

कोल्हापुरात अजून कितीतरी घरांत बंब पेटतो आणि त्या कडकडीत पाण्याचा लोकांना अभिमान असतो. अंग लाल होऊन वाफा निघाल्याशिवाय आंघोळ झाल्यासारखं वाटत नाही. पेशींच्या मधला जो स्निग्ध लेप असतो, त्याला हे पाणीही घातक. कोपर बुडवलं तर गरम नव्हे, कोमट लागेल इतपत पाणी घ्या. पाच-सात मिनिटांत उरका. वज्री टाचांसाठी आहे, पाठीसाठी नाही.

दिवाळीत आपण आधी तेल लावतो, मग उटणं, मग पाणी. हा क्रम शहाणा आहे. आधी लावलेलं तेल साबणाला कातडीचा स्वतःचा लेप ओढू देत नाही. थंडीत हातपाय उलतात त्यांनी आठवड्यातून एक-दोनदा हेच करावं, अभ्यंगाला दिवाळीच कशाला लागते?

टॉवेलनं खसाखसा पुसू नका, टिपून घ्या. अंग ओलसर असतानाच साधी पेट्रोलियम जेली किंवा बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. जेलीला आपण निव्वळ चोपडण्याची वस्तू समजतो. पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कातडीवर ती लावून झाकून ठेवल्यावर तिथल्या पेशींत जंतुरोधी पेप्टाइडं वाढलेली दिसली. वीस-तीस रुपयांच्या डबीच्या मानानं हे काम मोठं आहे. खोबरेल कोरड्या हातापायांना चालतं. काखा-जांघांत आणि कोंडा असलेल्या डोक्यात नको, तिथली बुरशी तेलावर पोसते.

पायरी चौथी: घाम आणि तालीम

घामात डर्मसिडिन असतं म्हटल्यावर तो पोरगा खूश झाला. "म्हंजे आंघोळच नको की!" तसं नाही. ताजा घाम कामाचा, साचलेला नाही. कपड्यात कोंडलेल्या घामानं वरचा थर फुगतो, घामग्रंथींची तोंडं बंद होतात, घामोळं येतं. मग डर्मसिडिन बाहेर येणार कुठून?

तालमीसाठी माझा क्रम असा. मेहनतीआधी नखं कापलेली हवीत आणि अंगावर ओला फोड नको. फोड असेल तर त्या दिवशी जोर-बैठका मारा, पण लढत धरू नका. तांबड्या मातीत हळद, ताक, लिंबू, तूप, कापूर घालायची रीत आहे. माती त्यानं मऊ आणि सुवासिक होते, पण ती जंतुनाशक नाही. मॅटची गोष्ट निराळी, तो रोज निर्जंतुक करायलाच हवा, कारण सगळ्यांचे गाल आणि कोपरं तिथंच घासतात. कुस्तीनंतर माती अंगावर सुकू द्या, हातानं चोळून झाडा आणि अर्ध्या-पाऊण तासात साध्या पाण्यानं आंघोळ करा. साबण वर सांगितला तेवढ्याच ठिकाणी.

लंगोट आणि पंचा स्वतःचा. रोज धुऊन उन्हात, उलटा करून. सहा पोरांत एक टॉवेल हा मैत्रीचा नव्हे, गजकर्णाचा रस्ता आहे. तालमीतली भिंतीवरची ती सामाईक खुंटी मला फोडापेक्षा जास्त भीतीदायक वाटते.

पायरी पाचवी: खरचटलं, कापलं

रक्त येत असेल तर स्वच्छ कापडानं दहा मिनिटं सलग दाबा. मध्येच उचलून बघू नका. मग वाहत्या नळाखाली पाच मिनिटं धरा, खडे-माती निघू द्या. साबण कडेनं, आत नको. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड जंतूंबरोबर भरून येणाऱ्या पेशींनाही भाजतात, आणि एलएल-३७ बनवणाऱ्या त्याच आहेत. तंबाखू, चुना, राख, कॉफी यातलं काही नको. हळदीवर माझा राग नाही, पण स्वयंपाकघरातला डबा निर्जंतुक नसतो.

छोट्या जखमेतून येणारं पाणचट पिवळसर पाणी म्हणजे पू नव्हे. ती लस. तिच्यात एलएल-३७ असतं. ती पुसून पुसून जखम कोरडी करण्याची आपली सवय उलटी आहे. जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांच्या जखमांवर दाखवलं, की ओलसर झाकलेली जखम उघड्यावर खपली धरणाऱ्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगानं कातडी धरते. तेव्हा जेलीचा पातळ थर, वर पट्टी, रोज बदल. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारा.

कुत्रं किंवा मांजर चावलं तर मात्र यातलं काहीही लक्षात ठेवू नका. पंधरा मिनिटं साबण आणि वाहतं पाणी, भरपूर, जखमेच्या आतपर्यंत, आणि तसंच दवाखान्यात.

पायरी सहावी: पावसाळ्यातली पावलं

जून ते सप्टेंबर माझ्या दुकानात सगळ्यात जास्त खप चिखल्यांच्या औषधाचा. बोटांच्या बेचक्यांत हवा नाही, ओल कायम, आणि तिथला आंबटपणा मुळातच हातापेक्षा कमी. भिजून पांढरी पडलेली कातडी म्हणजे फुगलेला, सैल झालेला थर, बुरशीला उघडं दार.

घरी आल्यावर पाय धुवा आणि प्रत्येक बेचका कापडाच्या टोकानं वेगळा पुसा. उसाच्या फडात किंवा पाण्यात उभं राहायचं असेल तर आधी पावलांना जेली चोपडा. भिजलेले बूट एक दिवस वाळू द्या, मगच घाला. कोल्हापुरी चप्पल पावसात घालून तिचे आणि पायाचे दोघांचेही हाल करू नका, भिजलीच तर सावलीत वाळवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कितीतरी लोक पायाला चिरा असताना पंचगंगेच्या पाण्यात तासन्‌तास चालले. तिथं प्रश्न बुरशीचा राहत नाही, लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे उंदीर-जनावरांच्या लघवीनं दूषित पाण्यातून येणाऱ्या तापाचा होतो. ताप आला तर पाण्यात चाललो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

ऊन

एलएल-३७ च्या जनुकाला चालू करणारी एक कळ ड जीवनसत्त्वाची आहे. सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाच्या उन्हात ते कातडीत बनतं, सकाळच्या कोवळ्या उन्हात फारसं नाही. हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ, कातडी लाल होण्याआधी परत. गोळ्या आणि पुड्या मनानं चार-चार महिने घेऊ नका, रक्त तपासून मगच.

मलमांबद्दल

"खाज-गजकर्ण-फोड, सगळ्यावर चालणारी ट्यूब द्या" ही रोजची मागणी. त्या ट्यूबमध्ये बहुधा बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि जोडीला जहाल स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, कारण स्टिरॉइड सूज दाबतं. कातडी पातळ होते, गजकर्ण आत पसरत राहतं आणि ट्यूब सोडली की दुप्पट होऊन येतं. लेबलवर क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन दिसलं तर चिठ्ठीशिवाय घेऊ नका. २०१८ पासून स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. मागेल त्याला ट्यूब काढून देणारी दुकानंही आहेत, माझ्याच धंद्यातली, आणि त्याची मला लाज वाटते.

याच्या उलट, इसबाला डॉक्टरांनी स्टिरॉइड दिलं तर घाबरून अर्ध्यात सोडू नका. इसबात ही पेप्टाइडं कमी पडतात हे २००२ पासून माहीत आहे, आणि त्यांचं उत्पादन सूजच दाबते. म्हणून ते चट्टे पटकन पिकतात. सूज उतरली की कातडीचा स्वतःचा बंदोबस्त सावरतो. माप लक्षात ठेवा: ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत निघालेली रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम, ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते.

हल्ली 'पेप्टाइड' लिहिलेली महागडी सीरमं विचारायला कॉलेजच्या मुली येतात. त्यातली पेप्टाइडं बहुतेक सुरकुत्यांसाठी असतात, त्यांचा या विषयाशी संबंध नाही. आणि जंतुरोधी पेप्टाइडं वाढवली म्हणजे भलंच होईल असंही नाही. रोझेशियात, म्हणजे गाल-नाक लाल होऊन पुटकुळ्या येतात त्या आजारात, याच एलएल-३७ च्या घराण्यातली पेप्टाइडं प्रमाणाबाहेर आणि चुकीच्या तुकड्यांत बनतात, असं २००७ साली दिसून आलं.

डॉक्टरांकडे कधी

मधुमेह असेल तर पायाच्या कुठल्याही फोडाला त्याच दिवशी. नाकाच्या आसपासचं किंवा वरच्या ओठावरचं गळू पिळू नका, दाखवा. वर्षात तीन-चारदा गळवं आली तर साखर तपासा. अंगावर पाण्याच्या बारीक फोडांचा घोस आणि जळजळ असेल तर तालीम बंद, आधी दवाखाना.

फोडाभोवती लाली पसरतेय असं वाटलं तर अंदाजानं बसू नका. बॉलपेननं लालीच्या कडेनं रेघ ओढा आणि बाजूला वेळ लिहा. त्या पोराच्या दंडावर मी काउंटरवरच अशी रेघ मारून दिली होती, सायंकाळी सव्वासहा. सहा तासांत लाली रेघेबाहेर गेली, कणकण आली किंवा काखेत गाठ लागली, तर सकाळची वाट बघायची नाही.